वरच्या वर्गात

मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मी पहाटे चारला उठते. शेजारच्या वहिनींचा समज असा, की मी काकडआरती ऐकते. कानात ती बोंडं घातलेली, समोर वही, हातात पेन्सिल, आणि मधूनच "अरे देवा!" त्यामुळे त्यांचा समज आता पक्का झाला आहे. मी तो मोडलेला नाही. पण मंडळी, तुमच्यापासून काय लपवायचं? मी बेसबॉल ऐकते.

हसून झालं असेल तर पुढे सांगते. आणि बेसबॉल तरी कुठला, तर अमेरिकेतला सगळ्यात वरचा नव्हे. त्याच्या एक पायरी खालचा. मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे, तिथला वूस्टर रेड सॉक्स हा संघ. लाडाने वूसॉक्स. (स्पेलिंग पाहिलंत तर तुम्ही वॉर्सेस्टर म्हणाल. मीही तेच म्हणत होते, नातवाने दुरुस्त केलं. सदतीस वर्षं मुलांचे उच्चार दुरुस्त केले त्याची ही फेड.) त्यांचा सामना तिकडे संध्याकाळी पावणेसातला असला की आपल्याकडे पहाटेचे सव्वाचार. तिकडे रविवारी सामना बहुधा दुपारी असतो आणि सोमवारी सुट्टी, म्हणजे आपल्या सोमवार-मंगळवारी पहाटे झोपायला मोकळीक. शनिवारचा कधीकधी अर्ध्या रात्री येतो, तो मी सोडून देते. या वयात जागरण सोसत नाही.

तर हे वेड लागलं २०२२ च्या उन्हाळ्यात. लेक वूस्टरला लागूनच असलेल्या श्रुसबरी गावात राहते. मधे फक्त एक लांबट तळं. करोनामुळे दोन वर्षं जाणं झालं नव्हतं. गेले तेव्हा नातू पंधरा वर्षांचा झाला होता, उंचीने माझ्या डोक्यावर गेला होता आणि बोलणं "हो", "नाही", "माहीत नाही" एवढ्यावर आलं होतं. त्याच वसंतात शाळेच्या बेसबॉल संघात त्याची निवड झाली नव्हती. लहानपणापासून खेळत होता, पण शाळेच्या संघात जागा थोड्या आणि मुलं फार. लेक मला म्हणाली, "आई, तो विषय काढू नकोस." मी काढला नाही. पण एक दिवस तोच म्हणाला, "आजी, मॅच बघायला येतेस?"

गेले. पोलर पार्क हे मैदानाचं नाव. पोलर हे तिथल्या सोडावॉटरच्या कंपनीचं नाव, ध्रुवाशी संबंध नाही. मैदान २०२१ साली सुरू झालं, जेमतेम नऊ-साडेनऊ हजार माणसं बसतील एवढं. फाटकाशी एक पिवळ्या गोल चेहऱ्याचं हसरं सोंग मुलांशी हस्तांदोलन करत होतं. नातवाने सांगितलं, की तुम्ही सगळे लिहिताना जागोजागी जो हसरा चेहरा डकवता ना, तो १९६३ साली याच गावातल्या हार्वी बॉल नावाच्या चित्रकाराने काढला. एका विमा कंपनीसाठी, पंचेचाळीस डॉलरांत! म्हणून संघाचं सोंगही तेच.

खेळातलं मला ओ की ठो कळेना. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला चेंडू समोर टोलवून बॅट फेकून पळताना पाहिलं की आधी दचकायला होतं. मग नातवाने एक वही काढली. तो प्रत्येक सामन्याची नोंद स्वतः करतो. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, प्रत्येक डावाचा एक रकाना. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा: पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, असं नऊपर्यंत. कुणी चेंडू टोलवला, सहा नंबरवाल्याने अडवून चारला दिला, चारने तीनला, दोघं बाद, तर लिहायचं ६-४-३. बॅट फिरवून चुकला आणि बाद झाला तर 'के' हे अक्षर. आणि चेंडू चांगला असून बॅटच उचलली नाही, नुसता बघत राहिला, तर तोच के, पण उलटा लिहायचा.

उलटा के मला एकदम पटला. बघत राहून बाद झालेले किती विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले!

आणि ती वही बघून हात शिवशिवायला लागले हो. अगदी आमचा वर्गाचा कॅटलॉग. तशाच आडव्या-उभ्या रेघा, तशीच नावं, तसेच बारीक आकडे. तिसऱ्या डावापासून मी माझी वेगळी नोंद ठेवायला लागले. नातवाने तपासली, दोन चुका काढल्या. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायला लागला.

मग हळूहळू त्याने मला ही सगळी उतरंड समजावली, आणि मी शिक्षिका असल्यामुळे ती मला शाळेसारखीच दिसली. बोस्टन रेड सॉक्स हा मोठा संघ. फेनवे पार्क हे त्यांचं मैदान, १९१२ सालचं. त्यांच्या हाताखाली पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली डॉमिनिकन रिपब्लिकमधला संघ, तिथे सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात. ती आपली बालवाडी. मग फ्लोरिडात फोर्ट मायर्स. मग व्हर्जिनियातलं सेलम, मग साउथ कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल, मग मेन राज्यातलं पोर्टलंड, आणि शेवटी वूस्टर. वूस्टर म्हणजे ट्रिपल ए, दहावीचा वर्ग म्हणा. बोस्टनच्या मैदानात डाव्या हाताला सदतीस फूट उंच हिरवी भिंत आहे, जगप्रसिद्ध. तर ग्रीनव्हिललाही तशीच भिंत उभारली आहे आणि पोर्टलंडलाही. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधी सराव परीक्षा! बोस्टनसारखे तीस मोठे संघ, आणि २०२१ पासून प्रत्येकाच्या हाताखाली असे चार संघ, म्हणजे एकशेवीस. त्याशिवाय त्या बालवाड्या वेगळ्या.

वूस्टरच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर रेल्वे स्टेशन आहे. तिथली लोकल पूर्वेला चाळीस मैल जाते आणि थेट फेनवेच्या शेजारी लॅन्सडाउन स्टेशनावर थांबते. एकच गाडी, बदलायचीसुद्धा नाही. पण त्या चाळीस मैलांत काय आहे ते आकडा बघितल्यावर कळतं. अमेरिकेतले सगळे वर्ग धरून एका क्लबला १६५ खेळाडू ठेवता येतात, आणि फेनवेवर जागा असते २६ जणांना.

पैशाचंही तसंच. २०२३ च्या आधी ट्रिपल एच्या खेळाडूला वर्षाला साडेसतरा हजार डॉलरच्या आसपास मिळत. अमेरिकेत त्यात काय होतं ते तिकडे नातेवाईक असलेल्यांना सांगायला नको. एकेका घरात पाचपाच जण राहत, हवा भरायच्या गाद्यांवर झोपत. गावातली कुटुंबं काही जणांना आपल्याकडे ठेवून घेत, आपल्याकडे पूर्वी वार लावून जेवणारे विद्यार्थी असत तसं. २०२२ मध्ये त्यांनी संघटना केली, आणि २०२३ च्या करारात तो आकडा पस्तीस हजार आठशेवर गेला. आणि वरच्या वर्गात? २०२५ साली कमीत कमी पगार सात लाख साठ हजार डॉलर. दहावी आणि अकरावीत एवढा फरक!

मोठ्या संघातला एखादा खेळाडू दुखापतीतून उठला, की पुन्हा सवय व्हावी म्हणून दोन-चार दिवस खाली वूस्टरला येऊन खेळतो. जाताना त्याने सगळ्या पोरांना चांगलं जेवण द्यायचं, अशी रीत आहे. ही रीत मला फार आवडली. आमच्याकडे मोठे झालेले माजी विद्यार्थी यायचे ते भाषण देऊन जायचे.

आता मूळ गोष्ट. मला सुरुवातीला एक कळेना. वूस्टरचा एखादा मुलगा छान खेळायला लागला, धडाधड होमरन मारायला लागला, की एक दिवस त्याला बोस्टनहून बोलावणं येतं आणि तो रातोरात जातो. वूस्टर रडत बसत नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या पाटीवर त्याचं चित्र लावतात आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. संघातला सगळ्यात चांगला खेळाडू गेला! आज हरणार आपण! तरी टाळ्या.

मी नातवाला विचारलं, "मग यांना आपला संघ जिंकावा असं वाटतं की नाही?"

"वाटतं की," तो म्हणाला, "पण त्यासाठी नाहीये तो."

तेव्हा मी हसले. पण इथे तासगावला परत आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमची शाळा ही काही ट्रिपल ए नव्हती. फार तर सिंगल ए. हुशार मूल दिसलं की आम्हीच पालकांना सांगायचो, दहावीनंतर सांगलीला घाला. सांगलीहून ती पुण्याला जायची, पुण्याहून कुठेही. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर गुणवंत विद्यार्थ्यांचा फलक होता, काळ्या लाकडावर पांढरी अक्षरं. त्या फलकावरचं एकही नाव आज या गावात राहत नाही. माझ्या लेकीचं नाव त्यावर आहे. ती २००३ साली अमेरिकेला गेली. सहार विमानतळावर मी हसून हात हलवला, तिला पत्रात "तुझा अभिमान वाटतो" असं लिहिलं, आणि मनातून... असो. मनातून मी टाळ्या वाजवत नव्हते. एवढंच.

२०१७ साली हे गेले. लेकीला विमान मिळून ती पोचायला तिसरा दिवस उजाडला. तोपर्यंत सगळं कोणी केलं? रात्री दीड वाजता गाडी काढून दवाखान्यात नेणारा, डॉक्टरांशी बोलणारा, नंतर लाकडांची, गुरुजींची, आलेल्या माणसांच्या चहाची व्यवस्था करणारा, हे सगळे माझे विद्यार्थी. आणि त्यातला एकही फलकावरचा नाही. एकजण इंग्रजीत तीनदा नापास झालेला. आता द्राक्षाच्या पेट्या टेम्पोने मुंबईला नेतो. एकाला मी आठवीत वर्गाबाहेर उभं केल्याचं त्याला लख्ख आठवतं, मला आठवत नाही. त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदा या मुलांकडे नीट बघितलं. सदतीस वर्षं माझी नजर वर जाणाऱ्यांवर होती.

म्हणून असेल, पण वूस्टरला माझं लक्ष होतकरू मुलांवर कमी आणि राहून गेलेल्यांवर जास्त जायला लागलं. २०२२ मध्ये तिथे एक पिचर होता, तिशीला टेकलेला. नाव लिहीत नाही, त्याची परवानगी थोडीच घेतली आहे. आठव्या-नवव्या डावात यायचा, टोपी दोनदा पुढेमागे करायचा आणि मग चेंडू टाकायचा. बोस्टनला कधीच गेला नव्हता. मी त्याची वेगळी पानं ठेवली होती वहीत. परत आल्यावर इथून ऐकायला लागले ते मुख्यतः त्याच्यासाठी. पुढच्या वर्षी एक दिवस नातवाचा निरोप आला, "आजी, तुझ्या माणसाला रिलीज केलं."

मला वाटलं, सुटला एकदाचा, वर गेला. मी लिहिलं, "वा! छान!"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "रिलीज म्हणजे काढून टाकलं, आजी." आपल्याकडे रिलीज होतो तो सिनेमा, मला काय माहीत! अशी बातमी एका ओळीत असते. नाव, आणि पुढे तो शब्द. टाळ्या नाहीत, पाटीवर चित्र नाही. पुढच्या दिवशी ऐकलं तर नवव्या डावात दुसराच कुणी आला होता. मी त्या पानावर खाली तारीख घातली, जशी दाखला घेऊन गेलेल्या मुलाच्या नावापुढे घालतो तशी.

आपल्याकडची दोन मुलंही या उतरंडीत होती, ठाऊक आहे का? उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भाला फेकणारी पोरं. २००८ साली एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडली गेली आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. त्यावर पुढे, २०१४ मध्ये, सिनेमाही आला. सिनेमा करार झाल्याच्या आनंदावर संपतो. त्यानंतर दिनेश २०१० च्या शेवटी परत आला, आणि रिंकू फ्लोरिडापासून वेस्ट व्हर्जिनियातल्या सिंगल एपर्यंत पोचला, मग दुखापतींनी थांबला आणि कुस्तीकडे वळला. सिंगल एपर्यंत पोचणं म्हणजे काय ते ही उतरंड कळल्यावर मला कळलं. तोपर्यंत मीही "पुढे काही झालं नाही वाटतं त्यांचं" असंच म्हणत होते.

वूस्टरच्या आधी बोस्टनचा हा वरचा वर्ग ऱ्होड आयलंडमधल्या पटकेट गावात होता, १९७३ पासून. २०२० हा तिथला निरोपाचा हंगाम ठरायचा, तर करोनाने तो हंगामच झाला नाही. मैदान होतं १९४२ सालचं. ते पाडून तिथे आता हायस्कूल बांधायचं ठरलं आहे! (मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, अजून ठरलेलं नाही.) त्या मैदानावर व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांबलेला सामना झाला. सामना नऊ डावांचा असतो, बरोबरी झाली तर पुढे चालू. १९८१ च्या १८ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या रात्री, पटकेट आणि रॉचेस्टर यांच्यात सुरू झाला आणि संपेचना. इतकी थंडी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली, आता संपेल म्हणेपर्यंत पटकेटच्या वेड बॉग्जने बरोबरी केली. बत्तीस डाव झाल्यावर पहाटे चार वाजून सात मिनिटांनी थांबवला, तेव्हा मैदानात प्रेक्षक उरले होते एकोणीस. उरलेला सामना २३ जूनला पुढे सुरू केला आणि अठरा मिनिटांत संपला. पटकेटच्या डेव्ह कोझाने विजयी फटका मारला.

त्या सामन्यात बॉग्ज होता, समोरच्या संघात कॅल रिप्केन होता. दोघंही पुढे थोर झाले, हॉल ऑफ फेममध्ये गेले. रॉचेस्टरचा एकजण तेरा वेळा बॅटिंगला येऊन तेराही वेळा हात हलवत परत गेला. आणि ज्याने सामना जिंकून दिला तो कोझा? तो मोठ्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. कधीच नाही.

मी नातवाला म्हटलं, मी त्या वेळी पटकेटला असते तर प्रेक्षक वीस झाले असते. तो म्हणाला, "तू इथून रोज तेच करतेस की, आजी." चार वाजून सात मिनिटं ही माझी उठायचीच वेळ!

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात मी पुन्हा गेले ती नातवाची शाळा संपताना. कॉलेज अटलांट्याला ठरलं होतं. घरात खरेदीच्या याद्या, बॅगा, आणि लेक सारखी चिडलेली. कशावर चिडली आहे ते तिलाही सांगता येत नव्हतं. टॉवेलावरून, चार्जरवरून, कशावरूनही. आम्ही दोघं सरळ उठून पोलर पार्कला जायचो.

त्या वर्षी वूस्टरला रोमन अँथनी होता. एकवीस वर्षांचा. २०२२ साली सरळ फ्लोरिडातल्या शाळेतून निवडलेला, एकोणऐंशीव्या क्रमांकावर. सेलम, ग्रीनव्हिल, पोर्टलंड सगळे वर्ग भराभर पार करून आला होता. मी त्याला एकदाच पाहिला. त्या दिवशी त्याने काही विशेष केलं नाही, पण उभं राहण्याची ढब वेगळी होती. असं मूल वर्गात आलं की फळ्याकडे तोंड असतानाही कळतं. पुढच्या वेळी नीट बघू म्हणून आम्ही आधीपासून तिकिटं काढून ठेवली. ७ जूनला त्याने रॉचेस्टरविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना ४९७ फूट लांब होमरन मारला. नातू स्वयंपाकघरात नाचला. आणि ९ जूनला, सोमवारी, बोस्टनचा एक खेळाडू जखमी झाला म्हणून अँथनीला बोलावणं आलं. आमची तिकिटं तशीच!

पहिल्या दिवशी फेनवेवर त्याला एकही हिट मिळाला नाही, क्षेत्ररक्षणात चूक झाली, आणि बोस्टन अकरा डावांत हरलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच डावात दोन धावा आणणारा फटका मारला. ऑगस्टमध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, तेरा कोटी डॉलरचा करार झाला.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या मुलाचं. क्रिस्चन कॅम्पबेल. आदल्या वर्षी तोही अँथनीबरोबरच वूस्टरला होता आणि त्याच्या आधी वर गेला. २०२५ च्या हंगामात पहिल्याच दिवसापासून बोस्टनच्या संघात, पहिल्या महिन्यात नवोदितांमध्ये सर्वोत्तम. मग काय बिघडलं कोण जाणे, बॅट चालेना. अँथनी गेला त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कॅम्पबेल परत वूस्टरला. वरच्या वर्गातून खालच्या वर्गात. आमची ती तिकिटं होती ना, शेवटी त्यावर आम्ही त्याला बघितलं. मला भीती होती, लोक काय करतील. शाळेत एखादं मूल पुन्हा त्याच वर्गात बसलं की बाकीची मुलं कशी बघतात ते मी पाहिलेलं आहे. त्याचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेला तेव्हा वाजवल्या असतील तशाच. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक बाई माझ्याच वयाच्या, त्या नुसत्या म्हणाल्या, "वेलकम बॅक, हनी."

मी त्या डावाची नोंद करायची विसरले. नातवाने माझ्या वहीत त्याची चौकट भरली.

ऑगस्टमध्ये लोगन विमानतळावर नातवाला पोचवायला गेलो. जावई बरोबर अटलांट्याला जाणार होते, लेक आणि मी परत येणार होतो. त्याने मला वाकून नमस्कार केला, कधी करत नाही, आणि आईला मिठी मारली. लेक हसली, हात हलवला, "पोचलास की फोन कर" म्हणाली. अगदी माझ्यासारखी. तो आत दिसेनासा झाल्यावर गाडीत येऊन बसली आणि किल्ली हातात धरून तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, "आई, मी गेले तेव्हा तू रडली नव्हतीस."

"रडले होते," मी म्हटलं, "पण सहारला नाही. परत येताना गाडीत. पनवेलपर्यंत हे मला पाणी देत होते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"पत्रात अभिमान वाटतो असं लिहिलं होतं. तेव्हा वाटत नव्हता. राग आला होता."

बावीस वर्षांनी हे बोलणं व्हायचं होतं, ते लोगनच्या पार्किंगमध्ये. ती हसायला लागली आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

घरी गेल्यावर फ्रिजवर चिकटवलेली त्या आठवड्याची दोन तिकिटं दिसली. नातू आणि मी जाणार म्हणून जुलैत काढलेली, मग कॉलेजची तारीख अलीकडे आली. लेकीला या खेळाची कधीच गोडी नव्हती. इतकी वर्षं मुलाला मैदानावर सोडायची आणि गाडीत बसून ऑफिसचं काम करायची. म्हणाली, "फुकट कशाला घालवायची, चल."

गेलो. तिने शेंगदाणे घेतले. दुसऱ्या डावात वूस्टरचा एक नवा मुलगा उभा राहिला, पोर्टलंडहून त्याच आठवड्यात आलेला. तीन चेंडू नुसता बघत राहिला आणि मान खाली घालून परत गेला. मी वहीत खूण केली.

लेक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आई, हे अक्षर तू उलटं का काढलंस?"

मी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "सांगते. आधी वर त्याचं नाव लिही."